अर्जनवीसाचा वर्ग

कुणी वाचायला लागलं की अंबादासकाका डोळे मिटून घ्यायचे. नव्या माणसाला वाटायचं, झोपले. मान खाली, खांद्यावर उपरणं, गालात तंबाखूची गोळी, एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात त्याचं टोपण. वाचणारा आपल्या नादात पुढं जायचा. मग कुठंतरी, जे सांगायला नको वाटतं ते टाळून तो पलीकडं जायचा, आणि नेमकं तिथं टोपण टेबलावर वाजायचं. टक. डोळे मिटलेलेच.

"इथं उडी मारलीस. मागं ये."

मी पहिल्यांदा ते ऐकलं ते पालमच्या तात्यांच्या वेळी. तात्या एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. ते स्वतःच्या नोकरीवर लिहून आणायचे आणि तिकीट फाडल्यासारखे भराभर वाचायचे. त्या दिवशी त्यांनी वाचलं, "इमानदारीनं तीस वर्षं सेवा केली. मधी काही दिवस घरी बसावं लागलं. असो."

टक.

"असो कामून? घरी कामून बसावं लागलं?"

"काका, ते जाऊ द्या की."

"जाऊ द्यायचं होतं तर पालमहून हितवर तिकीट काढून कामून आलास?"

"मला पास हाय."

"मग पासाची तरी लाज ठेव बाप्पा."

सगळे हसले, तात्याही हसले. मग त्यांचं हसू विझलं आणि त्यांनी सांगितलं, की एका म्हातारीकडं तिकीट निघालं नाही म्हणून त्यांनी तिला झरीच्या अलीकडं भर उन्हात उतरवलं होतं. तिकीट तिच्या ओच्यात होतं, ते नंतर कळलं. काका म्हणाले, "आता हे लिही. सेवाबिवा राहू दे."

मी शेवटच्या बाकावर बसले होते. माझ्या पिशवीत जे कागद होते त्यांत नुसत्या उड्याच होत्या, हे मला त्या टकटकीवरून तेव्हाच कळलं.

हा वर्ग काकांचा नव्हताच खरं तर. परभणीच्या वाचनालयानं फळ्यावर लिहिलं होतं, 'मोठ्यांसाठी लेखनवर्ग, दर रविवारी दुपारी, शिक्षणाची अट नाही.' शिकवायला एक प्राध्यापक यायचे ठरलं होतं. ते दोन रविवार आले, कथेचे प्रकार सांगितले, मग त्यांची बदली झाली. ग्रंथपालांना प्रश्न पडला. समोर रोज पेपर वाचत बसलेले अंबादासकाका दिसले. हा माणूस चाळीस वर्षं कचेरीच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहीत होता. अर्जनवीस. ग्रंथपाल म्हणाले, तुमीच घ्या. काका म्हणाले, मला गोष्ट येत न्हाई, पण कोण काय दडवायलंय ते कळतं. तेवढ्यावर वर्ग सुरू झाला.

त्यांना सर म्हटलेलं चालायचं नाही. "सर शाळेत. मी झाडाखालचा माणूस." सोनपेठच्या वैशाली मॅडम शाळेत शिकवायच्या आणि कविता करायच्या. त्यांना हे सगळं जडच जायचं. एकदा त्यांनी वाचलं, "माझ्या काळजात वेदनेचा डोह साचला." काका म्हणाले, "मॅडम, साहेब विचारील, कवापासून? कोणामुळं? साक्षीदार कोण?" मॅडम रागावून दोन रविवार आल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी आल्या, त्यांच्या वडिलांच्या तुटक्या चष्म्यावरचं एक पान घेऊन. त्या दिवशी टोपण वाजलं नाही. काकांनी नुसतं "हं" म्हटलं. मॅडमनी ते पान पिशवीत घालताना दोन्ही हातांनी धरलं होतं.

काकांचं सांगणं एवढंच असायचं: "वाटलं ते घरी ठेवा. झालं ते हितं आणा." आणि दुसरं, "अर्ज करणारा सगळं सांगतो, एक गोष्ट सोडून. त्याच गोष्टीपायी अर्ज करायची पाळी आलेली असती."

मी तिथं कशी गेले ते सांगायला हवं. मी परभणीची नाही. माझं गाव कोल्हापूरच्याही पुढं, गडहिंग्लजकडं. सहावीत शाळा सुटली, सतराव्या वर्षी लग्न झालं. बारा वर्षांपूर्वी मी सासर सोडलं आणि मावशीच्या नणंदेच्या ओळखीनं इथं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले. तेव्हा माझी मुलगी तेजू सात वर्षांची होती. ती तिकडंच राहिली.

मागच्या दिवाळीत एका चुलतबहिणीकडून मला तेजूचा नंबर मिळाला. दोन दिवस तो नुसता बघत बसले. मग लावला. तिचा आवाज ऐकला आणि मी रडायलाच लागले. ती म्हणाली, "फोनवर नुस्ती रडतीस तू. का गेलीस ते लिहून पाठव. लिहून. मग बघूया." मी हो हो म्हणत होते. ती म्हणाली, "जूनात मी पुण्याला कामाला जाणार. मग ह्या पत्त्यावर मी नसणार." आणि फोन ठेवला. त्यानंतर तिनं माझा फोन कधी उचलला नाही.

मला वसतिगृहात दीडशे भाकऱ्या थापता येतात. पत्र लिहिता येत नव्हतं. किराणा मालाची यादी सोडली तर वीस वर्षांत मी काही लिहिलं नव्हतं. लिहायला बसले की पहिली ओळ यायची, 'प्रिय तेजू, तुझी आठवण येत नाही असा दिवस नाही,' आणि पुढं कागद भरला तरी खरं ते यायचं नाही. वसतिगृहातली एक मुलगी म्हणाली, मावशी, वाचनालयात वर्ग आहे, शिक्षणाची अट नाही म्हणे. शिक्षणाची अट नाही, हे तीन शब्द मी फळ्यावर जाऊन स्वतः वाचून आले, मगच आत पाय टाकला.

पहिले तीन महिने मी वाचलंच नाही. माझं बोलणं ऐकून तात्या मला कोल्हापूरवाली म्हणायचे, "काय कोल्हापूरवाली, आज तरी तांबडा-पांढरा वाढणार का न्हाई?" मी मान हलवायची. काका मला कधी बोलले नाहीत. फक्त वर्ग सुटताना म्हणायचे, "सुनंदा, पिशवी लय जड दिसायलीय."

जानेवारीत माझा धीर सुटला. वर्ग संपल्यावर मी त्यांच्यामागं जिन्यापर्यंत गेले आणि सांगून टाकलं. मुलीला पत्र लिहायचं आहे, मला जमत नाही, तुम्हीच लिहा. तुम्ही हजारो माणसांचं लिहिलंत, माझं एक लिहा. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी माझा दंड धरला.

"ऐक माय. सोनपेठकडच्या एका बाईचं असंच लिहिलं मी. भावाला पत्र. वीस वर्षांचा अबोला व्हता. मी असं लिहिलं, असं लिहिलं, की भाऊ तिसऱ्या दिवशी दारात. ती रडायली, तो रडायला. मग तो म्हणला, अक्का, पत्रातलं ते पुन्हा एकदा तुज्या तोंडानं म्हण. तिला काय येतंय? तिला म्हाईतच न्हाई मी काय लिहिलं ते. हे तुजं न्हाई म्हणला, आन् उठून गेला तो गेलाच." ते जिन्याच्या कठड्याला टेकले. त्यांना दम लागला होता. तेव्हा मी तो दम मनावर घेतला नाही. "अर्ज दुसऱ्यानं लिहिला तरी चालतो. पत्र न्हाई चालत."

"मग मी काय करू?"

"रविवारी वाच."

त्या रविवारी मी वाचलं. कागद टेबलावर ठेवून, ओळीवर बोट ठेवून वाचलं. नवऱ्याचं मारणं लिहिलं होतं, कुठल्या वस्तूनं, कुठल्या महिन्यात. वाटलं ते घरी ठेवलं होतं, झालं ते आणलं होतं. मधे कुठंच टोपण वाजलं नाही. मला वाटलं, सुटले. मग शेवट आला. "त्या सकाळी तुला घेऊन मी फाट्यावर आले. मावशीकडं जायचं असं तुला सांगितलं होतं. तुला थंडी वाजत होती म्हणून मी तुला स्वेटर आणायला घरी पाठवलं. तेवढ्यात गाडी आली."

टक.

मी थांबले.

"तेवढ्यात म्हणजे कवा?"

मी म्हटलं, तेवढ्यात म्हणजे ती गेल्यावर.

"ती गेल्यावर किती वेळानं?"

वैशाली मॅडम म्हणाल्या, "काका, पुरे ना आता."

"मॅडम, तुमी गप बसा. सुनंदा, मागं ये. गाडी कवा दिसली तुला?"

त्यांनी घाई केली नाही. बारा वर्षं मी ती सकाळ रोज पाहिली होती आणि रोज त्या एका जागी डोळे मिटले होते. गाडी फाट्यावर यायच्या आधी लांब एका वळणावर दिसते. तिथून फाट्यापर्यंत यायला तिला चार-पाच मिनिटं लागतात. आमचं घर दोन शेतं ओलांडून होतं. सात वर्षांचं पोर पळत गेलं तरी तेवढ्या वेळात परत येत नाही. आणि मावशीच्या नणंदेनं सांगितलेलं होतं, एकटी आलीस तर काम आहे, पोर घेऊन आलीस तर नाही.

"गाडी वळणावर दिसली होती," मी म्हटलं. "दिसल्यावरच मी तिला पाठवलं."

तात्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. मला वाटलं, आता ही माणसं उठून जातील. माझ्यासारख्या बाईबरोबर एका बाकावर कोण बसेल? काकांनी डोळे उघडले. त्यांच्या डोळ्यांत मला दया शोधायची होती, ती नव्हती. रागही नव्हता. अर्ज लिहून घेताना कचेरीबाहेरच्या माणसाकडं ते असेच बघत असतील.

"मग तसं लिही," ते म्हणाले.

"ती मला माफ करेल का, काका?"

"ते मला काय म्हाईत? पर तिला हे म्हाईत हाय. वळणावरची गाडी तिलाबी दिसलीच असंल. तू कबूल करतीस का, तेवढं बघायलीय ती."

ते पत्र मी सात वेळा लिहिलं. फेब्रुवारीच्या अखेरीस रजिस्टरनं पाठवलं. पाठवलं त्या दिवसापासून माझं कामात लक्ष लागेना. भाकरी करपायची, मुली नाकं मुरडायच्या. सायकलवरून खाकी कपड्यातला माणूस गेला की मी हातातलं काम टाकून फाटकापर्यंत जायची. मार्च उलटत आला तेव्हा पाकीट आलं. माझंच पाकीट, माझ्याच अक्षरातला पत्ता, आणि त्यावर आडवं लिहिलेलं, 'घेण्यास नकार.' आत कुणी बोटही घातलं नव्हतं. गोंद जसाच्या तसा.

मी ते घेऊन वाचनालयात गेले तर वर्ग भरला नव्हता. काकांना दवाखान्यात ठेवलंय, असं ग्रंथपालांनी सांगितलं. छातीत पाणी झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळचा स्वयंपाक उरकून मी सरकारी दवाखान्यात गेले. काका उशीला टेकून बसले होते, नाकाला नळी, कॉटच्या पायथ्याशी त्यांच्या पत्नी शांताकाकू संत्रं सोलत होत्या. उपरण्याशिवाय ते मला ओळखूच येईनात, एवढे बारीक.

मी पाकीट पुढं धरलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, डोळ्यांजवळ नेलं.

"पत्ता बरोबर हाय," ते म्हणाले.

"काका, नकार दिलाय."

"तेच म्हणायलोय. पत्ता चुकला असता तर 'मिळून आले नाही' असं लिहून आलं असतं. नकार द्यायला माणूस लागतंय. दारात माणूस व्हतं." त्यांनी थोडा श्वास घेतला. "आता ते सासूनं नाकारलं, का मालकानं, का पोरीनं, ते पाकिटावर लिहिलेलं नसतंय."

शांताकाकू म्हणाल्या, "अवो, बोलू नका म्हणलंय ना डॉक्टरनी. हितंबी कचेरी भरवायलात."

"गप गं. वाच सुनंदा."

मी तिथं, दवाखान्यात, आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघत असताना ते पाकीट फाडलं आणि वाचलं. वळणावरची गाडी आली. मी गाडीत बसले ते आलं. गाडी सुटल्यावर मी मागं बघितलं नाही, तेही आलं. परभणीच्या स्टँडवर उतरले. संपलं. मला वाटलं होतं, यावेळी उडी नाही. काकांनी डोळे मिटले नव्हते. छताकडं बघत होते.

"पोरगी स्वेटर घेऊन परत आली," ते म्हणाले. "मग?"

मी म्हटलं, "मग काय?"

"मग काय झालं फाट्यावर? किती वेळ उभी व्हती? कोण व्हतं तिच्यासंग? घरी कोणी नेली?"

"मला माहीत नाही."

"बारा वर्षांत?"

खरं उत्तर हे होतं की बारा वर्षांत मला तो प्रश्नच सुचला नव्हता. माझी गोष्ट गाडीबरोबर परभणीला आली होती. तेजू फाट्यावर परत आली त्या क्षणापासून मी तिच्याकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

"तू सगळं तुजंच बयान दिलंस," ते म्हणाले. "लय चांगलं दिलंस. पर तिचं कोणी घेतलं?"

शांताकाकूंनी मला खुणावलं. मी उठले. वाकून पाया पडले, यावेळी त्यांनी दंड धरला नाही, कारण हात उचलत नव्हता. हे आमचं शेवटचं बोलणं. नऊ दिवसांनी ते गेले.

त्यांच्या घरी गेले तर अंगणात तात्या आणि मॅडम बसलेले. तात्या पालमहून सकाळच्या गाडीनं आले होते. ते म्हणाले, "म्हातारीचं लिहून झालं माजं. वाचून दाखवायचं ऱ्हाऊन गेलं." बोलता बोलता त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. मॅडमनी माझा हात धरला, तो घरी जाईपर्यंत सोडला नाही.

पाचव्या दिवशी शांताकाकूंनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या पुढ्यात पोस्टकार्डांचा एक छोटा गठ्ठा होता. काकांनी आजारी पडायच्या आधीच आणून ठेवलेला. नातेवाइकांना फोन गेले होते, तरी काकूंचा हट्ट होता. "ते म्हणायचे, माज्या माघारी कार्डं टाका. फोन काय, उचलत न्हाईत मान्सं. कार्ड दारात जाऊन पडतंय." मला लिहायला बसवलं. दहाव्याचा दिवस, ठिकाण, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते'. काकूंनी जुन्या रिवाजाप्रमाणे, वाईट बातमीची खूण म्हणून, प्रत्येक कार्डाचा एक कोपरा कात्रीनं कापला. मी लिहीत होते, त्या कापत होत्या, आणि मधेच म्हणाल्या, "कार्डाचं एक बरं असतंय बाई. घ्यायचं न्हाई म्हणलं तरी वाचून झालेलं असतंय."

माझं पेन थांबलं.

पाकीट न उघडता परत करता येतं. त्यासाठी ज्यानं कुणी नाकारलं त्याला फक्त पत्ता वाचावा लागला. कार्डाला उघडायचं काही नसतं.

गठ्ठ्यातली दोन-तीन कार्डं उरली, कोपरा न कापलेली. मी त्यातलं एक मागितलं. काकूंनी कुणासाठी ते विचारलं नाही. वसतिगृहात परत आले, दुपारची भांडी घासली, भटारखान्याच्या ओट्यावर कार्ड ठेवलं. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापत होतं. जूनला दीडच महिना उरला होता. सात वेळा लिहिलेलं पत्र समोर होतं, आठ पानं. कार्डात आठ पानं बसत नाहीत. मार बसत नाही, मावशीची नणंद बसत नाही, माझी बारा वर्षं बसत नाहीत. जे बसलं ते असं:

'तेजू, गाडी वळणावर दिसल्यावर मी तुला स्वेटर आणायला पाठवलं. मग मी गाडीत बसले. तू परत आलीस तेव्हा फाट्यावर काय झालं, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. आता विचारते. तू सांगशील तेवढं ऐकीन. आई.'

लिहून झाल्यावर मला भीती वाटली. सासूबाईंना अक्षर येत नाही. मी तिथं नांदत असताना पोस्टमन आमच्या गल्लीत कार्ड आणायचा ते दारात उभा राहून मोठ्यानं वाचून दाखवायचा, म्हाताऱ्या माणसांना कळावं म्हणून. अजून तोच असेल किंवा दुसरा असेल, रीत तीच असणार. शेजारची चार घरं ऐकतील. ज्या बाईला ते इतकी वर्षं पळून गेलेली म्हणत आले, तिनं नेमकं काय केलं, ते तिच्याच शब्दांत त्यांच्या अंगणात वाचलं जाईल. तेजू घरात असेल तर तिच्या कानावर जाईल, नसेल तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी येऊन सांगेल.

मी ते कार्ड एकदा तोंडानं वाचून बघितलं. दोन ठिकाणी अक्षर एकमेकांत गेलं होतं. काकूंकडं परत गेले, दुसरं कार्ड मागून आणलं आणि तोच मजकूर पुन्हा लिहिला. मोठ्या, सुट्या अक्षरात, दारात मोठ्यानं वाचणारा कुठं अडू नये म्हणून.